लांकडी होडी आणि नवी विद्या

(किनाऱ्यावरील सुतार, खलाशी व मच्छीमार बंधुभगिनींपुढें केलेल्या भाषणाचा मजकूर)

आज आम्ही येथें मोठें तत्त्वज्ञान सांगावयास उभे राहिलों नाहीं. जें काम तुमच्या हातचें आहे, त्याच कामाविषयीं चार शब्द बोलावयाचे आहेत. कोंकण किनाऱ्यावर गांवोगांव वाळूवर पालथ्या पडलेल्या लांकडी होड्या दिसतात. कोणाची नाळ कुजली, कोणाच्या फळ्या उसवल्या, कोणाच्या आंत पावसाचें पाणी साचलें. शेजारींच फायबरची होडी झळकत असते. ती हलकी, तिला दरवर्षीं तेल नको, डांबर नको. आणि चांगलें लांकूड तर आतां सोन्याच्या भावानें मिळतें. मच्छीमारानें फायबर घेतली यांत त्याचा बिचाऱ्याचा दोष नाहीं. प्रश्न पोटाचा आहे.

परंतु या बदलांत एक गोष्ट हळूहळू बुडत चालली आहे, आणि तिच्याविषयीं कोणी हाकाटी करीत नाहीं. ती गोष्ट म्हणजे होडी बांधणाऱ्या सुताराची विद्या. ज्याच्या बापानें नजरेच्या अंदाजानें साठ फुटी गलबत उभें केलें, त्याचा मुलगा आज शहरांत दरवाजे-खिडक्या बसवितो. यावर दोन तऱ्हेचे उपदेशक आम्हांस भेटतात. एक म्हणतो, "लांकडाचे दिवस संपले, रडत बसूं नका." दुसरा म्हणतो, "जुनें तेंच सोनें, नवें कांहीं शिवूं नका." आमचें मत असें आहे कीं हे दोघेही तुमचे हितकर्ते नाहींत. पहिला तुमची विद्या टाकावयास सांगतो. दुसरा ती पेटींत घालून कुलूप लावावयास सांगतो. विद्या ही दोन्ही प्रकारांनीं मरते.

आधीं लांकडाचे दिवस संपले कीं काय, तें पाहूं. मुंबईच्या गोदींत १७३६ सालीं सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया आले, आणि पुढें त्यांच्या घराण्यानें पिढ्यान्‌पिढ्या तेथें जहाजें बांधिलीं. त्याच गोदींत १८१७ च्या ऑक्टोबरांत 'ट्रिंकोमाली' नांवाचें लढाऊ जहाज मलबारी सागापासून बांधून पाण्यांत सोडलें. आज दोनशेंहून अधिक वर्षें झालीं. तें जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाण्यावर तरंगत आहे. मधल्या काळांत तें शिकाऊ खलाशांची शाळा म्हणून वापरलें गेलें, जीर्ण झालें, आणि १९९० पासून २००१ पर्यंत अकरा वर्षें खपून तेथील कारागिरांनीं त्याचा जीर्णोद्धार केला. जहाजाच्या मुख्य बांधणाराचें नांव, जमशेटजी बमनजी वाडिया, इतिहासांत आहे, आणि तें असावयास पाहिजेच. परंतु ज्यांनीं तो साग तासला, करवतला, वांक बसविले, सांधे ठासले, त्यांचीं नांवें आम्हांपैकीं किती जणांस ठाऊक आहेत? तीं माणसें तुमच्यासारखींच होतीं. त्यांचें काम दोन शतकें टिकलें. सबब, लांकूड वयानें मरतें हा समज खोटा आहे.

मग लांकूड मरतें कशानें? हें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण पुढची सारी नवी विद्या या एका प्रश्नाच्या उत्तरावर उभी आहे. लांकूड कुजतें तें बुरशीनें. बुरशीला दोन गोष्टी लागतात, ओलावा आणि हवा. सुक्या लांकडाच्या वजनाच्या मानानें शेंकडा वीसपेक्षां कमी ओलावा असेल तर बुरशी वाढत नाहीं. सदैव खाऱ्या पाण्याखालीं बुडालेल्या फळीला हवा मिळत नाहीं, म्हणून तीही सहसा कुजत नाहीं. तिचा वैरी निराळा, लांकूड पोखरणारा समुद्रांतला किडा. होडीचा खरा घात करतें तें आकाशांतून पडणारें गोडें पाणी. तें वरून झिरपतें, वांकाच्या बुंध्यापाशीं सांचतें, आणि वारा लागत नाहीं तेथें लांकूड आंतल्या आंत पिठासारखें होतें. समुद्रानें होड्या बुडविल्या त्यापेक्षां पावसानें जास्त खाल्ल्या, असें म्हटलें तरी चालेल.

दुसरें कारण लांकडाच्या स्वभावांत आहे. लांकूड पाणी पिऊन फुगतें आणि सुकून आकसतें. रेषेच्या लांबींत हा फरक जवळ जवळ नसतोच. रुंदींत मात्र चांगलाच असतो. म्हणून उन्हाळ्यांत वर ओढलेल्या होडीचे सांधे उघडतात. तिसरें कारण लोखंडाचा खिळा. तो खाऱ्या पाण्यानें गंजतो, फुगतो, भोंवतालचें लांकूड काळें व भुसभुशीत करतो. तुमच्या वाडवडिलांनीं ही तिन्ही दुखणीं ओळखलीं होतीं. सांध्यांत कापूस ठासणें, राळ आणि तेल पाजणें, होडी सावलींत वर ओढून ठेवणें, हे उपाय अडाणीपणाचे नव्हते. शास्त्राचें पुस्तक हातांत नसतांना केलेलें तें शास्त्रच होतें.

आतां नव्या विद्येकडे वळूं. तिचें मूळ गोंदांत आहे. जुने गोंद पाण्यानें सुटत, म्हणून होडींत खिळ्यावांचून गत्यंतर नव्हतें. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पाण्यानें न सुटणारे कृत्रिम गोंद निघाले. इंग्रजांचें 'मॉस्किटो' हें लढाऊ विमान १९४० सालीं प्रथम उडालें. तें लांकडाच्या पातळ थरांनीं चिकटवून बांधलेलें होतें. तेथून ही रीत होड्यांत शिरली. पुढें अमेरिकेंत मिशिगन प्रांतांतील बे सिटी या गांवीं गूजन आडनांवाच्या भावांनीं एपॉक्सी नांवाच्या राळेचा या कामीं उपयोग केला. १९६९ सालीं त्यांनीं व्यवसाय मांडला, आणि १९७० सालीं 'अडाजियो' नांवाची तीन पोटांची शिडाची होडी पाण्यांत सोडली. तिचें अंग खिळ्यांनीं नव्हे, एपॉक्सीनें जोडलेलें व एपॉक्सीनेंच मढविलेलें होतें. १९७९ सालीं त्यांनीं आपली सारी रीत पुस्तकांत छापून टाकिली. ही शेवटची गोष्ट लक्षांत ठेवा. तिच्याकडे आम्ही पुन्हां येणार आहों.

एपॉक्सी काय करते? ती दोन कामें करते. एक, सांधा असा धरते कीं जोर लाविला तर बहुधा शेजारचें लांकूड फाटतें, सांधा सुटत नाहीं. दुसरें, लांकडाच्या सर्व बाजूंस तिचे दोन-तीन हात दिले म्हणजे ओलावा आंत जाण्याची व बाहेर येण्याची वाट फार अरुंद होते. आंतील लांकूड कोरडें राहतें, म्हणून बुरशीला अन्न असूनही ती उपाशी मरते. फुगणें-आकसणें थांबतें, म्हणून सांधे उघडत नाहींत. दुखण्याचें मूळ कोठें आहे तें जाणून तेथेंच औषध लाविलें, इतकाच या विद्येचा मोठेपणा आहे.

हें सारें परक्या देशांतलें आहे, आपल्या हवेंत टिकेल काय, असें कोणी विचारील. त्यास गोव्याचें उदाहरण देतों. मांडवी नदींतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत 'म्हादेई' नांवाची छप्पन्न फुटी शिडाची होडी बांधली गेली आणि २००९ सालीं ती आरमाराच्या हवालीं झाली. तिचें अंग लांकडाच्या अरुंद पट्ट्या एकीला एक एपॉक्सीनें जोडून, त्यांवर कांचतंतूंचें कापड चढवून केलेलें आहे. याच होडींतून दिलीप दोंदे यांनीं ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळांत एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. असें करणारे ते पहिले भारतीय. पुढें २०१२-१३ सालीं अभिलाष टॉमी यांनीं त्याच होडींतून, वाटेंत एकही बंदर न घेतां, पृथ्वीला फेरा घातला. दक्षिण महासागराच्या लाटांनीं जिची परीक्षा घेतली, तिला आपल्या पावसाळ्याची काय भीति?

आतां दुसरें उदाहरण, आणि तें उलट बाजूचें आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत भिंतीवर एका जहाजाचें पांचव्या शतकांतलें चित्र आहे. त्या चित्रावरून जहाज बांधण्याचें काम २०२३ सालीं गोव्यांतील 'होडी इनोव्हेशन्स' या कारखान्यांत सुरू झालें. त्यांत खिळे नाहींत. फळ्या काथ्याच्या दोरीनें शिवलेल्या आहेत, सांध्यांत नारळाचा काथ्या ठासलेला आहे, वरून राळेचा लेप आहे. केरळचे मिस्त्री बाबू शंकरन यांच्या हाताखालीं कारागिरांनीं हे हजारों टांके घातले. फेब्रुवारी २०२५ मध्यें तें पाण्यांत उतरलें, २१ मे २०२५ रोजीं कारवार येथें 'कौंडिण्य' या नांवानें आरमारांत दाखल झालें, आणि डिसेंबर २०२५ च्या अखेरीस पोरबंदराहून निघून जानेवारी २०२६ मध्यें मस्कतला पोहोंचलें.

या जहाजाचा नकाशा कोणाजवळही नव्हता. चित्र पाहून आकार ठरवावयाचा, आणि तो समुद्रांत उभा राहील कीं नाहीं हें आधीं कळावयास पाहिजे. तें मद्रासच्या आय. आय. टी. मध्यें लहान प्रतिकृति पाण्यांत चालवून, गणित करून पाहिलें गेलें. म्हणजे फळी शिवणाऱ्याची विद्या पुरातन आणि पारखणाऱ्याची विद्या अगदीं आजची. दोघांनीं एकमेकांपासून घेतलें तेव्हां जहाज झालें. गणित करणाऱ्याला टांका घालतां येत नव्हता, आणि टांका घालणाऱ्याला चित्रांतल्या जहाजाचें वजन मांडतां येत नव्हतें. यांत उच्च कोण आणि नीच कोण?

शिवण्याची गोष्ट निघाली म्हणून आणखी एक सांगतों. १९६२ सालीं इंग्लंडांत 'मिरर' नांवाची सुमारें अकरा फुटी होडी निघाली. प्लायवुडचे तुकडे कापावयाचे, कडेला भोंकें पाडून ते तांब्याच्या तारेनें शिवावयाचे, मग सांध्यावर राळ व कांचेची पट्टी बसवावयाची. सामान्य माणसांनीं आपल्या घरीं, पडवींत, अशा होड्या बांधिल्या. त्यांची संख्या सत्तर हजारांवर गेली. शिवलेली होडी ही आपल्या समुद्राची जुनी ओळख आहे. त्या लोकांनीं काथ्याच्या जागीं तार घातली आणि हजारों लोकांचें काम सोपें करून टाकिलें. आपल्या घरांत पडलेल्या जिनसेचें मोल दुसऱ्यानें दाखवावें, हा प्रकार आतां पुरे झाला.

नव्या रीतीनें आणखी एक मोठी सोय झाली आहे. जुन्या रीतींत वांकासाठीं निसर्गतःच वांकडें वाढलेलें झाड रानांतून शोधावें लागे. आतां चार-पांच मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या एकावर एक चिकटवून सांच्यावर दाबल्या कीं हवा तसा वांक तयार होतो, आणि रेषा वळणाबरोबर वळत असल्यामुळें तो मोडतही नाहीं. लांब फळी मिळाली नाहीं तर दोन आंखूड फळ्या तिरप्या सांध्यानें जोडाव्या. फळीस जाडीच्या आठपट, डोलकाठीस बारापट लांबीचा उतार द्यावा. म्हणजे लावणीचें लहान लांकूड, जें पूर्वीं जळणांत गेलें असतें, तें होडींत बसतें. रान वांचतें आणि पैसाही वांचतो.

येथपर्यंत गोड सांगितलें. आतां कडू सांगावयाचें आहे, कारण त्यांत गरिबाचा पैसा गुंतला आहे. किनाऱ्यावर एक फसवा उपाय चालतो. जुनी, ओली, कुजूं लागलेली होडी घ्यावयाची, तिच्यावर स्वस्त पॉलिस्टर राळ व कांचकापड चढवावयाचें, आणि "होडी नवी झाली" म्हणून पैसे घ्यावयाचे. बंधूंनो, ही होडी नवी होत नाहीं. तिला कफन चढविलें जातें. पॉलिस्टर राळ फायबरच्या होडीस ठीक आहे, परंतु लांकडाला ती एपॉक्सीसारखी धरीत नाहीं, आणि ओल्या किंवा सागासारख्या तेलकट लांकडाला तर मुळींच नाहीं. लांकूड आंत हालतें, कवच सुटतें, वरून पावसाचें पाणी दोहोंच्या मध्यें शिरतें आणि त्यास बाहेर पडावयाची वाट राहत नाहीं. बाहेरून चकाकी आणि आंत पीठ! कर्ज काढून असें काम करून घेण्यापूर्वीं दहा वेळां विचार करा, आणि जो सुतार आहे त्यानें असें काम पत्करूं नये. नांव एकदां गेलें म्हणजे पुन्हां येत नाहीं.

मग जुनी होडी नीट कशी करावी? प्रथम ती सावलींत, वारा लागेल अशी ठेवून सुकवा. घाई करूं नका. ओलावा मोजण्याचें लहानसें यंत्र मिळतें; तें सुतारांनीं मिळून एक तरी घ्यावें. सर्व अंग हातोड्यानें ठोकून पहा, बद्द आवाज येईल तेथें टोकदार आरी खुपसा. कुजकें काढतांना हात आंखडूं नका. निरोगी लांकूड लागल्यावरही थोडें पुढें कापा, कारण बुरशीचे तंतू डोळ्यांस दिसतात त्यापेक्षां पुढें गेलेले असतात. नवा तुकडा त्याच जातीचा, त्याच रेषेचा, तिरप्या सांध्यानें बसवा. लोखंडी खिळे काढून तांब्याचे किंवा ब्राँझचे घाला. सागाला एपॉक्सी लावण्याच्या आधीं ताजें तासा व तेलकटपणा ॲसिटोननें पुसून घ्या. आणि सर्वांत मुख्य, पावसाचें पाणी सांचणार नाहीं आणि आंत वारा खेळेल अशी व्यवस्था ठेवा. ही व्यवस्था फुकट आहे आणि कोणत्याही राळेपेक्षां मोलाची आहे.

एक नियम मात्र विसरूं नका. जुनी फळीबंद होडी पाण्यांत पडली म्हणजे फळ्या फुगतात आणि सांधे आपोआप मिटतात. हें हालणें हाच तिचा प्राण आहे. अशा होडीचे उघडे सांधे कोरडेपणीं कठीण एपॉक्सीनें भरून टाकिले, तर फुगावयास जागा न मिळून फळ्या चिरतात किंवा वांक सुटतात. म्हणून जुन्या बांधणीची होडी जुन्याच रीतीनें सांधावी. एपॉक्सीचा उपयोग तुकडा जोडण्यास, वांक घडविण्यास करावा. संपूर्ण एपॉक्सीची रीत नव्या होडीसाठीं राखावी. दोन विद्या दोघी बहिणी आहेत, पण एका चुलीवर दोन भांडीं चढवावयाचीं असतील तर जागा ओळखूनच चढविलीं पाहिजेत.

एपॉक्सीचे स्वतःचे कायदेही कडक आहेत. राळ आणि हार्डनर यांचें प्रमाण डब्यावर लिहिलें असेल तेंच, मोजून घ्यावयाचें. हार्डनर जास्त घातला म्हणून ती लवकर सुकत नाहीं, उलट कच्ची राहते. आपल्या उष्ण हवेंत भांड्यांतली राळ मिनिटांत तापून घट्ट होते. म्हणून थोडी थोडी कालवावी, पसरट भांड्यांत ओतावी, सकाळच्या गारव्यांत काम करावें. ऊन तिचा शत्रू आहे. वरून रंग किंवा वार्निश नसेल तर ती कालांतरानें करपते. आणि हातमोज्यांवांचून तिला शिवूं नका. वारंवार कातडीला लागली तर अंगावर पुरळ उठते, आणि एकदां ती खोड जडली कीं माणसाला हा धंदाच सोडावा लागतो. घासतांना उडणारी धूळ छातींत जाऊं देऊं नये. मालकानें मोजे आणि तोंडाची पट्टी दिली नाहीं तर ती मागून घेणें हा उद्धटपणा नव्हे.

आतां मुख्य मुद्याकडे येतों. या नव्या विद्येचा धनी कोण होणार? दोन वाटा दिसतात. एका वाटेनें गेलें तर नव्या कारखान्यांत नकाशा एकाच्या हातीं, हिशेब दुसऱ्याच्या हातीं, आणि होडी बांधणाऱ्याच्या नातवाच्या हातीं पॉलिश-कागद. त्यानें दिवसभर घासावें आणि संध्याकाळीं रोज घेऊन जावें. दुसऱ्या वाटेनें गेलें तर त्याच नातवाच्या एका हातांत वाकस आणि दुसऱ्या हातांत नकाशा. पहिली वाट आपोआप येते, तिच्यासाठीं कांहीं करावें लागत नाहीं. दुसरी वाट करावी लागते.

ती कशी करावी? आम्ही तीन गोष्टी सुचवितों. पहिली, कोणतीही जुनी होडी मोडण्यापूर्वीं तिचीं मापें घ्या. दर दोन फुटांवर आडवा छेद मोजून कागदावर उतरा, फोटो काढा, कोणत्या भागास कोणतें लांकूड होतें तें लिहा, बांधणाऱ्या मिस्त्रीचें नांव लिहा. तीं मापें संगणकावर चढविलीं म्हणजे होडी पुन्हां कधींही बांधतां येते. होडी जळणांत गेली तरी तिचा आकार जळतां कामा नये. दुसरी, मुलाला सुतारकामाबरोबर भूमिति आणि नकाशा वाचणें शिकवा. होडीचा आकार ज्याच्या नजरेंत बसला आहे त्याला ही भूमिति जड नाहीं. ती त्याच्या हातांत आधींच आहे, फक्त तिचीं नांवें शिकावयाचीं आहेत. आय. टी. आय. मध्यें किनाऱ्यावरच्या तालुक्यांनीं होडीबांधणीची मागणी एकमुखानें करावी, आणि तेथें म्हाताऱ्या मिस्त्रीला शिक्षक म्हणून खुर्ची द्यावी. त्याच्यापाशीं प्रमाणपत्र नसेल. पण वाळूवर उभी असलेली होडी हेंच त्याचें प्रमाणपत्र आहे. तिसरी, आपसांत विद्या लपवूं नका. वर सांगितलेल्या त्या भावांनीं आपली रीत छापून जगापुढें ठेविली, त्यामुळें त्यांचा धंदा बुडाला नाहीं, तो वाढला. आमच्याकडे बाप मुलाला सांगतो आणि पुतण्यापासून लपवितो. मुलगा शहरांत गेला कीं विद्या बापाबरोबर चितेवर जाते. अशा रीतीनें किती विद्या गेल्या याचा हिशेबही राहिला नाहीं.

कोणी म्हणेल, इतकें करून लांकडी होडीला गिऱ्हाईक कोठें आहे? सर्वच मच्छीमारी पुन्हां लांकडावर येईल असें आम्ही म्हणत नाहीं. खोटी आशा दाखविणें हें पाप आहे. परंतु प्रवासी होड्या आहेत, शर्यतीच्या शिडाच्या होड्या आहेत, संग्रहालयांचीं कामें आहेत, जुन्या होड्यांची दुरुस्ती आहे, आणि जगभर लांकडाच्या हातकामाला किंमत देणारे लोक आहेत. 'कौंडिण्य' बांधावयाचें ठरलें तेव्हां टांका घालणारे कारागीर केरळांत शिल्लक होते म्हणून तें जहाज झालें. उद्यां कोंकणच्या गलबताची अशीच मागणी आली, तर हात वर करावयास आपल्या गांवांत कोण उरला असेल? त्या वेळीं "आमचे आजोबा बांधीत असत" एवढेंच उत्तर देण्याची पाळी येऊं नये.

बंधुभगिनींनो, ज्याला लांकडाची रेषा कळते त्याला नवी राळ चार दिवसांत कळेल. पण ज्याला फक्त राळ कळते त्याला लांकडाची रेषा कळावयास आयुष्य लागेल. तेव्हां भांडवलाचा मोठा भाग तुमच्यापाशींच आहे. त्यांत मोजमापाची, लिहिण्याची आणि एकमेकांस शिकविण्याची भर घाला. या पावसाळ्यांत होड्या वर ओढल्या जातील तेव्हां प्रत्येक गांवानें निदान एका जुन्या होडीचीं मापें कागदावर उतरावीं, एवढें वचन आज आम्ही तुमच्यापाशीं मागतों, आणि आपली रजा घेतों.